पळत्या माणसावर फोकस: सोनी, कॅनन की निकॉन?

लग्न, वरात, कुस्तीचं मैदान, कबड्डीचे सामने, जत्रा. सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत बहुतेक फोटोग्राफर हे सगळं एकाच कॅमेऱ्यावर करतात. त्यातल्या ज्यांना आता आरशाचा डीएसएलआर सोडून बिनआरशाचा मिररलेस घ्यायचा आहे आणि ज्यांचं बजेट एका बॉडीचं, फार तर एका लेन्सचं आहे, त्यांच्यासाठी ही तुलना.

माझं मत आधीच सांगतो. मोकळ्या जागेत, चांगल्या उजेडात, एकटा माणूस समोरून चालत येत असेल तर तिन्ही कंपन्यांचे सध्याचे कॅमेरे त्याचा डोळा पकडतात आणि सोडत नाहीत. तेवढ्यावरून निवड करू नका. खरा फरक पडतो तो चेहरा झाकला जातो तेव्हा. आणि त्याहून मोठा फरक पडतो तुमच्या कपाटात आज कुठल्या लेन्स आहेत त्यावर.

तुलनेत धरलेत सोनी ए७ फोर (२०२१), कॅनन आर६ मार्क टू (२०२२) आणि निकॉन झेड६ थ्री (२०२४). सोबत त्यांची कमी किमतीची भावंडं: ए७सी टू, आर८ आणि झेड५ टू. २०२५ च्या अखेरीस आर६ मार्क थ्री आणि ए७ फाइव्ह आल्यामुळे आधीची मॉडेल्स सेकंडहँडमध्येही पाहण्यासारखी झाली आहेत. फुजीफिल्मचे रंग मला फार आवडतात, पण पळत्या माणसांसाठी मी तो पहिला कॅमेरा म्हणून सुचवणार नाही. पॅनासॉनिकच्या फुल फ्रेममध्ये (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत) फेज डिटेक्शन, म्हणजे हलत्या माणसावर फोकस पटकन धरणारी पद्धत, २०२३ च्या एस५ टू पासून आली, त्यामुळे त्याआधीची बॉडी स्वस्तात मिळाली तरी या कामासाठी घेऊ नका.

डीएसएलआरपेक्षा वेगळं काय

डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली वेगळा बसवलेला असतो. त्याचे पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागात गोळा झालेले. त्यामुळे माणूस कडेला गेला की फोकस धरून फ्रेम हलवायची, आणि तेवढ्यात तो दोन पावलं पुढे आलेला असायचा. शिवाय लेन्स आणि बॉडी जुळली नाही की फोकस थोडा पुढे किंवा थोडा मागे. मिररलेसमध्ये ज्या सेन्सरवर फोटो उमटतो तोच फोकस मोजतो, म्हणून ही जुळवाजुळव संपली आणि पॉइंट जवळजवळ कडेपर्यंत पोचले. त्यावर माणूस ओळखण्याचं काम आलं: आधी शरीर, मग डोकं, मग चेहरा, मग डोळा. डोळा दिसेनासा झाला तर कॅमेरा एकेक पायरी मागे येतो. हे मागे येणं किती सफाईने होतं, त्यातच कॅमेऱ्याचा कस लागतो.

एक हिशोब मनात पक्का ठेवा. हॉलच्या दारातून नवरी सावकाश चालत येतेय, सेकंदाला साधारण एक मीटर. तुम्ही सेकंदाला १० फोटो घेताय. म्हणजे दोन फोटोंमध्ये ती १० सेंटीमीटर पुढे आली. ८५ एमएम लेन्स, एफ १.८ (हा आकडा जितका लहान तितका शार्प पट्टा अरुंद), अंतर तीन मीटर: यात सगळं मिळून शार्प राहणारा पट्टा जेमतेम १३ सेंटीमीटरचा. त्याच अंतरावर पळत येणारा माणूस समोर धरा, ताशी १२ किलोमीटरने. तो दोन फोटोंमध्ये ३३ सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणजे प्रत्येक वेळी पट्ट्याच्या बाहेर. फोकस नुसता लागून भागत नाही, माणूस पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज कॅमेऱ्याला बांधावा लागतो. सिंगल फोकसवर ठेवलेला कुठल्याही कंपनीचा कॅमेरा इथे नापास होणार. सोनी-निकॉनवर एएफ-सी आणि कॅननवर सर्व्हो (म्हणजे सतत फोकस बदलत राहणारा मोड), हे आधी लावा. आणि एफ १.८ चा मोह आवरून एफ २.८ वर या, पट्टा लगेच २० सेंटीमीटरच्या पुढे जातो.

लग्न

आपल्याकडच्या लग्नात डोळ्यावरच्या फोकसची सगळ्यात अवघड परीक्षा मुंडावळ्या घेतात. मोत्यांच्या सरी डोळ्यांच्या कडेने लोंबतात, नवरी मान वळवते तशा हलतात आणि मधूनच डोळ्यासमोर येतात. दीड मीटरवरून ८५ एमएम एफ १.८ ला शार्प पट्टा साडेतीन सेंटीमीटरही नसतो. मोती डोळ्याच्या दोन-तीन सेंटीमीटर पुढे. स्क्रीनवर चौकोन डोळ्यावरच दिसतो, पण घरी फोटो मोठा करून पाहावा तर मोती लख्ख आणि पापण्या मऊ. तिन्ही कॅमेरे इथे चुकतात. माझ्या अनुभवात सोनी त्यातल्या त्यात कमी चुकतो, पण त्या भरवशावर राहू नका. एफ २.८ ते ४ हेच त्यावरचं औषध.

अंतरपाटाचं वेगळंच आहे. पाट धरलेला असताना कॅमेऱ्याला नवरा-नवरीऐवजी पाट धरणारे मामा किंवा भटजी दिसतात आणि तो त्यांना चिकटतो. पाट खाली येतो, अक्षता उडतात, आणि आपल्याला हवा तो चेहरा जेमतेम एक-दोन सेकंद मिळतो. त्या क्षणी जुन्या माणसाला धरून बसलेला कॅमेरा घातक ठरतो. म्हणून फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर घ्या. ‘शुभमंगल सावधान’ला अंगठा उचला, पाट पडताच पुन्हा दाबा. नव्याने दाबल्यावर समोरचा चेहरा पटकन उचलण्यात मला कॅननचा आर६ मार्क टू सगळ्यात तत्पर वाटतो.

पुढचा अडथळा अक्षतांचा. लेन्स आणि चेहरा यांच्यामधून तांदळाचे दाणे जातात आणि फोकस त्यांच्यामागे धावतो. यावर तिन्हींमध्ये सेटिंग आहे, पण आकड्यांचा घोळ समजून घ्या. सोनीमध्ये १ म्हणजे धरलेला माणूस घट्ट धरून ठेव, ५ म्हणजे पटकन दुसरीकडे जा. निकॉनमध्ये बरोबर उलट: ५ म्हणजे थांब, १ म्हणजे लगेच हल. कॅननमध्ये केस २ हे अडथळ्यांकडे दुर्लक्ष करण्यासाठीच दिलं आहे. सोनीवरून निकॉनवर जाणाऱ्याने जुना आकडा तसाच ठेवला तर अक्षतांच्या वेळी कॅमेरा हातात नाचेल.

सोनी ए७ फोरमध्ये आठ चेहरे नोंदवता येतात आणि नोंदवलेल्या चेहऱ्याला प्राधान्य देता येतं. वऱ्हाडाच्या गर्दीत याचा फार उपयोग होतो. फक्त नवरीचा चेहरा मेकअप झाल्यावर नोंदवा, सकाळी हळदीला नोंदवलेला नको.

भंडारा आणि गुलाल

तारळीकाठच्या पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तासगावला गणपतीच्या रथोत्सवात गुलाल. अक्षता क्षणात खाली पडतात, भंडारा मात्र हवेत पडद्यासारखा तरंगत राहतो. त्या पिवळ्या धुक्यात चेहऱ्याचा कॉन्ट्रास्ट मरतो आणि कॅमेरा पुढच्या ढगावर फोकस करतो. इथे सोनीचा धरून ठेवण्याचा स्वभाव उपयोगी पडतो. उधळण्याच्या आधी माणूस पकडलेला असेल तर ढग विरेपर्यंत तो तिथेच थांबतो आणि पुन्हा चेहऱ्यावर बसतो. निकॉनचं थ्रीडी ट्रॅकिंग रंगाच्या खुणेवरही चालतं; सगळे पिवळेजर्द झाले की ते गोंधळलेलं मी पाहिलं आहे. उधळण सुरू असताना मी माणसं ओळखणं चालू ठेवून एरिया, म्हणजे फोकस शोधायची फ्रेममधली जागा, लहान करतो. पूर्ण फ्रेम कॅमेऱ्याच्या हवाली करत नाही.

(भंडाऱ्यात लेन्स बदलू नका. सेन्सरवर बसलेली हळद ब्लोअरने निघत नाही.)

कुस्ती आणि कबड्डी

१९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. कुंडलच्या मैदानाला आजही लोक लांबून येतात. या भागात कुस्ती न काढता फोटोग्राफर म्हणून राहणं अवघड. पण ऑटोफोकसच्या दृष्टीने कुस्ती सोपी आहे, असं म्हटलं तर अनेकांना नवल वाटेल. दोन पैलवान खडाखडी करताना अंतर फारसं बदलत नाही. अडचण वेगळीच असते: तोंडावर लाल माती, मान एकाची दुसऱ्याच्या काखेत, डोळा कुणाचाच दिसत नाही. डोळा शोधणारा कॅमेरा मग मागे बसलेल्या प्रेक्षकांचे स्वच्छ चेहरे निवडतो. पट काढतानाचा फोटो आखाड्यामागच्या फेट्यांवर शार्प आला तर दोष कॅमेऱ्याचा कमी आणि एरियाचा जास्त. मधला छोटा झोन घ्या, एफ ४ वर जा. इथे तिन्ही बरोबरीत.

कबड्डीत मात्र कॅमेरा उघडा पडतो. चढाईपटू निदान रेषेकडे जाताना पाठमोरा, वळला की थेट तुमच्याकडे, आणि साखळीने घेरला की दिसेनासा. पुढे चढाई आणि पकड यांत चार जणांचे हातपाय एकमेकांत. पाठमोऱ्या माणसाचं डोकं धरून ठेवणं आणि तो वळताच डोळ्यावर येणं, यात झेड६ थ्री आणि आर६ मार्क टू दोन्ही ए७ फोरच्या पुढे आहेत. ए७ फोरमध्ये माणसाची शरीरयष्टी ओळखणारी वेगळी एआय चिप नाही, ती ए७सी टू मध्ये आहे. सेन्सर ३३ मेगापिक्सेलचाच, फोकस अधिक हुशार. मग तोच घ्यावा का? लग्नाचं काम करणाऱ्याला मी नको म्हणेन, कारण त्यात कार्ड एकच बसतं. आर८ चंही तेच. लग्नाचा दिवस पुन्हा येत नाही. झेड५ टू स्वस्त असूनही दोन कार्डं घेतो, आणि मला तो या भावंडांमध्ये सगळ्यात शहाणा सौदा वाटतो.

घाटातली शर्यत

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटातून जाते. २१ किलोमीटर, धुकं, रिमझिम, एकसारख्या टी-शर्टमधली माणसं. चढावर धावणारे सावकाश असतात, त्यामुळे वेगाचा प्रश्न कमी. प्रश्न असतो धुक्यात लांबचा चेहरा पकडण्याचा आणि पुढून दुसरा धावपटू आडवा गेला तरी पहिल्याला न सोडण्याचा. फ्रेममध्ये छोटा दिसणारा चेहरा लवकर हेरण्यात मला निकॉन आवडला, आणि त्याचा व्ह्यूफाइंडरही उजळ आहे. दुसऱ्या धावपटूवर उडी न मारण्यात सोनी. लेन्सच्या काचेवर थेंब बसला की तिन्ही सारखेच आंधळे, म्हणून हूड आणि कोरडं फडकं.

रात्र आणि एलईडी

अंधारात फोकस लागण्याची मर्यादा निकॉन झेड६ थ्री आणि झेड५ टू साठी उणे १० ईव्ही (उजेडाचं माप; जितकं उणे तितका अंधार) सांगतो, कॅनन आर६ मार्क टू साठी उणे ६.५. हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या अटींवर मोजून देते, त्यामुळे थेट तुलना करू नका. तरी वरातीत जनरेटरच्या उजेडात निकॉन कमी चाचपडतो, हे खरं.

सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर मात्र जपून वापरा. ए७ फोरचा सेन्सर हळू वाचला जातो; त्यात हलगीच्या काड्या वाकड्या येतात आणि एलईडी वॉलसमोर आडवे पट्टे पडतात. आर६ मार्क टू सेकंदाला ४० फोटो देतो तेही याच शटरवर, त्यामुळे तो आकडा जाहिरातीत जितका मोठा दिसतो तितका मंडपात कामाला येत नाही. मेकॅनिकलवर १२ मिळतात आणि ते पुरतात. झेड६ थ्रीचा सेन्सर या तिघांत सगळ्यात वेगाने वाचला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. हॉलमध्ये अँटी-फ्लिकर चालू ठेवा.

लेन्स

आता निर्णयाचा खरा भाग. तुमच्याकडे कॅननची ७०-२०० आणि ८५ एमएमची ईएफ (डीएसएलआरची) लेन्स असेल तर अॅडॉप्टर लावून ती आर६ मार्क टू वर इतकी छान चालते की दुसरीकडे बघायचं कारण नाही. निकॉनवाल्यांनी आधी लेन्सवरची अक्षरं वाचावीत. एएफ-एस असेल तर एफटीझेड अॅडॉप्टरवर ऑटोफोकस चालतो. जुनी ५० एमएम १.८ डी किंवा ८०-२०० डी असेल तर चालत नाही, कारण तिला फिरवणारी मोटर बॉडीत होती आणि अॅडॉप्टरमध्ये ती नाही.

कोरी पाटी असेल, काहीच लेन्स नसतील, तर सोनी. टॅमरॉन आणि सिग्माच्या वेगवान, वाजवी किमतीच्या लेन्स सोनीसाठी सगळ्यात जास्त आहेत. कॅननच्या फुल फ्रेम आरएफ माउंटवर (मिररलेसच्या लेन्स-जोडणीवर) हा पर्याय जवळजवळ नाही, आणि तिथे दोन लेन्स घेताना बजेट कोलमडतं. निकॉन मध्ये कुठेतरी: टॅमरॉनची २८-७५ आणि ३५-१५० झेडसाठीही मिळते.

मला आज विचाराल तर: जुना कॅननवाला असाल तर आर६ मार्क टू, नवी सुरुवात आणि काम मुख्यतः लग्नाचं असेल तर ए७ फोर आणि टॅमरॉन, कबड्डी आणि रात्रीचे कार्यक्रम जास्त असतील तर झेड६ थ्री, आणि पैसे मोजून वापरायचे असतील तर झेड५ टू.

दुकानात जाताना आपली लेन्स आणि आपलं कार्ड घेऊन जा. सोबत्याला दारातून तुमच्या दिशेने चालत यायला सांगा, मग पाठमोरं जायला, मग वळायला, आणि मध्ये दुसऱ्याला आडवं जाऊ द्या. एफ २.८, एएफ-सी किंवा सर्व्हो, शटर १/५०० सेकंदापेक्षा वेगवान. फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून ठरवू नका. कार्ड घरी आणा, शंभर टक्के मोठं करून पापण्या बघा आणि दुसऱ्या दिवशी पैसे द्या.