स्टीलचा बंब घेतलाय, दोन पावसाळे झाले, आता लिहितोय

आम्ही मेढ्याजवळ राहतो, बंब परसात उघड्यावरच असतो आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय ते सातारकरांना सांगायला नको. आधीचा पत्र्याचा बंब तळातनं सडला, आईला रोज सकाळी राखेत पाणी ठिबकलेलं दिसायचं. म्हणून साताऱ्यातनं ३०४ ग्रेडचा स्टीलचा घेतला, महाग पडला पण पाणी मस्त तापतं.

दोन पावसाळ्यांनंतर अंग अजून चकचकीत आहे. स्टीलमधल्या क्रोमियमचा हवेशी संबंध आला की वर एक अगदी पातळ थर धरतो, ओरखडा पडला तरी हवा मिळाली की तो परत धरतो, गंज अडतो तो त्यामुळं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात त्यावर जाऊ नका, २०२ ला पण चुंबक चिकटत नाही आणि ते स्वस्त स्टील बाहेर लवकर डागतं, त्यामुळं बिलावर ग्रेड लिहूनच घ्या.

एकच तक्रार, तोटीच्या वेल्डिंगपाशी तांबूस डाग आलेत. वेल्डिंगचा निळसर काळा पट्टा साफ न करताच दिला होता, तिथं तो थर नीट धरत नाही. घेताना हात फिरवून बघा, आणि ओली राख आत साठू देऊ नका, आम्ही रोज संध्याकाळी काढतो.