तंबाखूची पिढीबंदी, एकवीसची अट की सरसकट बंदी: सही करण्याआधी

नाशिकरोडच्या आमच्या शाळेत पालकांमध्ये सध्या एक निवेदन फिरतंय. मागणी अशी की, १ जानेवारी २००९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही राज्यात तंबाखू विकू नये आणि ही मनाई त्या माणसाला जन्मभर लागू राहावी. गेल्या आठवड्यात पाच-सहा पालकांनी मला गाठून विचारलं, "मॅडम, सही करायची का?" शाळेच्या दारात उभ्या उभ्या त्याचं उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ही तारीख न्यूझीलंडच्या कायद्यातून आली आहे. तिथे डिसेंबर २०२२मध्ये असा कायदा झाला, पण सरकार बदललं आणि अंमल सुरू होण्याआधीच, २०२४च्या फेब्रुवारीत, तो रद्द झाला. ब्रिटनमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २०२३मध्ये हीच कल्पना मांडली. निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला, तरी नव्या सरकारने ते विधेयक पुन्हा आणलं. मालदीवने मात्र १ नोव्हेंबर २०२५पासून प्रत्यक्ष बंदी लागू केली. तिथली रेघ १ जानेवारी २००७ची आहे.

आपल्यापुढे तीन वाटा आहेत: ही पिढीबंदी, कर्नाटकासारखी वयाची अट अठरावरून एकवीसवर नेणं, किंवा गुटख्यासारखी सरसकट बंदी.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर

मी आठवीला शिकवते. व्यसनमुक्तीचा तास संपला की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, अठरानंतर चालतं ना?" मुलांनी कायद्याचा असा अर्थ लावलाय की अठरावा वाढदिवस म्हणजे परवानगी. एकवीसची अट आली तर ही परवानगी तीन वर्षं लांबते. ही तीन वर्षं मी क्षुल्लक मानत नाही. बारावीतला अठरा वर्षांचा मुलगा नववी-दहावीतल्या पोरांना सहज पुडी आणून देतो. एकवीस वर्षांचा त्यांच्यात फारसा वावरत नाही, त्यामुळे ही साखळी बरीच तुटते. पिढीबंदीत वाट पाहायला वाढदिवसच उरत नाही. "अजून लहान आहेस" असं सांगायची वेळ येत नाही, ही वस्तू विकण्याजोगीच नाही एवढं मुलांपर्यंत पोचतं. मला ही वाट मनापासून पटते ती याच कारणासाठी.

टपरीवर काय होईल

शाळेजवळच्या कुठल्याही टपरीपुढे दोन मिनिटं उभे राहा. खाली गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या आणि वर दोरीला लटकलेल्या पुड्यांच्या माळा, नेमक्या मुलांच्या नजरेसमोर. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्याला द्यायची नाही, हे कोटपात, म्हणजे तंबाखूवरच्या २००३च्या केंद्रीय कायद्यातच आहे. त्याचा दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ मात्र खूप कडक आहे: मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण टपरीवाल्याला दोनशेचा दंडही क्वचितच होतो. राज्याने २०२०मध्ये सुट्या सिगारेट आणि विड्या विकायला बंदी घातली, तरी काडेपेटी आणि सुटी सिगारेट आजही शेजारीशेजारीच मिळतात.

मग पिढीबंदी कोण पाळेल? तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे, हे खरं. पण २०५०मध्ये एकेचाळीस वर्षांच्या माणसाला नाही म्हणायचं आणि बेचाळीसच्याला द्यायचं, म्हणजे टपरीवाल्याने मोठ्या माणसाकडे आधार कार्ड मागायचं. एकवीसच्या अटीत हा पेच येत नाही, कारण बहुतेक वेळा चेहरा पाहूनच अंदाज येतो. अंमलात आणायला एकवीसची अट सोपी, हे मान्य करावंच लागेल.

न्यूझीलंडच्या कायद्यात एक भाग होता, तो आपल्या निवेदनात नाही. विक्रीची दुकानं सुमारे सहा हजारांवरून सहाशेवर आणायचं तिथे ठरलं होतं. आपल्याकडे केंद्राच्या कायद्यात तंबाखू विकायला वेगळा परवानाच लागत नाही. कोण विकतो याची यादी नसेल तर तपासणारा जाणार कुठे? म्हणून माझ्या लेखी महापालिकेचा परवाना आधी आला पाहिजे. गोळ्या-बिस्किटं विकणाऱ्याला तो मिळता कामा नये आणि नियम मोडला तर तो रद्द व्हायला हवा. हे झालं नाही तर पिढीबंदी काय किंवा एकवीसची अट काय, दोन्ही सुट्या सिगारेटच्या बंदीच्याच वाटेने जातील.

आपली तंबाखू कोणती

न्यूझीलंडचा कायदा फक्त ओढायच्या तंबाखूसाठी होता. आपल्याकडे तसा कायदा आणून काहीच साधणार नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे जेमतेम ३.८ टक्के, तर खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के होते (काही जण दोन्हींत मोजले गेलेत).

माझी आजी मिसरी लावायची. वाण्याकडून तंबाखूची पानं वजनावर यायची. दुपारी चूल निवत आली की ती तवा ठेवून पानं काळी होईपर्यंत भाजायची. धुराने आमचे डोळे चुरचुरायचे, पण तिला तो वास आवडायचा. मग पाट्यावर वाटून डबीत भरायची. पानं आणायला मलाच पिटाळायची, मी तेव्हा असेन नऊ वर्षांची. पुढे तिच्या गालात आतून पांढरा चट्टा आला, मग जखम झाली, मग गाठ. शेवटच्या चार महिन्यांत तिला पेजसुद्धा गिळवत नव्हती.

त्या पानांवर ना वेष्टन होतं, ना धोक्याचं चित्र. म्हणून निवेदनात "तंबाखू" म्हणजे काय ते स्पष्ट लिहायला हवं: विडी, सिगारेट, चुना लावून मळायची तंबाखू, मावा, मिसरी आणि आठवडे बाजारात सुटं मिळणारं पानसुद्धा. मालदीवच्या बंदीत तंबाखूचे सगळे प्रकार येतात. मात्र तो बेटांचा देश आहे, तिथे माल बंदरातून येतो. आपल्याकडे तो शेतात पिकतो.

सरसकट बंदी

गुटखा राज्यात जुलै २०१२पासून बंद आहे. बंदीनंतर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असा जोड मिळू लागला. महामार्गावर गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी आजही नेहमीची आहे. बंदी उठवावी असं मी म्हणणार नाही, तिने गुटख्याची उघड जाहिरात आणि प्रतिष्ठा नक्कीच कमी केली. पण ज्याला आज तलफ आहे तो उद्याही शोधणार आणि चोरटा माल त्याच्याच जिवावर चालणार. पिढीबंदी त्याच्या वाटेला जातच नाही. तिचा संबंध अजून पुडी हातात न घेतलेल्यांशी आहे, त्यामुळे चोरट्या बाजाराला तयार गिऱ्हाईक मिळत नाही.

सिन्नरचाही विचार करा. तिथे विडीने किती घरं उभी केली हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सूप मांडीवर घेऊन, तेंदूपान कात्रीने कापून, हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बायकांचं काम सरसकट बंदीत एका रात्रीत जाईल. एकवीसच्या अटीने त्यांना फारसा फरक पडणार नाही. पिढीबंदीत मागणी वीस-तीस वर्षांत हळूहळू ओसरेल. तोवर त्यांच्या मुलींना दुसरं काम मिळवून देणं सरकारला शक्य आहे, मनात आणलं तर.

कोर्टात टिकेल का

मलेशियाने हीच कल्पना २०२३मध्ये सोडली, कारण जन्मतारखेवरून भेद केला तर समानतेच्या हक्काला बाध येईल, असा सल्ला सरकारला मिळाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइन गावाचा असाच नियम मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये कायम ठेवला. आपल्याकडे राज्यघटनेतल्या समानतेच्या कलम १४वरून आव्हान मिळेल, हे धरून चाला. एकवीसच्या अटीला तेवढा धोका नाही. कर्नाटकाने कोटपात दुरुस्ती करून, राष्ट्रपतींची मंजुरी घेऊन, २०२५मध्ये ती लागू केली. आपल्या राज्यानेही हुक्का पार्लरसाठी २०१८मध्ये कोटपात दुरुस्ती केलेली आहे, म्हणजे रस्ता ओळखीचा आहे.

तुमच्या घरात कोणी आज तंबाखू खात असेल, तर या तिन्हींतल्या एकाही मार्गाने त्याची तलफ सुटणार नाही. त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे. सहीची वाट न पाहता तो नंबर आजच लावा.

मी सही केली. सही करण्याआधी निवेदनाच्या खाली पेनने तीन ओळी वाढवल्या: "खायची, लावायची आणि सुटी तंबाखूही यात धरावी. विक्रीसाठी महापालिकेचा परवाना आधी सक्तीचा करावा. पिढीबंदीचा कायदा होईपर्यंत वयाची अट ताबडतोब एकवीस करावी." तुमच्या हातात कागद येईल तेव्हा त्या ओळी त्यावर आहेत का, ते बघा. नसतील तर तुम्ही लिहा.