कल्पनेतलं शहर: वस्तीतून वाढवायचं, एका आज्ञेत वसवायचं की जनरेटरकडून काढून घ्यायचं?

फँटसी लिहायला घेतलेल्या माणसाची गाडी बहुधा राजधानीपाशी येऊन अडते. राजघराण्याची वंशावळ तयार असते, देव ठरलेले असतात, जादूचे नियम वहीत उतरलेले असतात. मग नायिका वेशीतून आत शिरते आणि समोरचा रस्ता कुठे जातो हेच लेखकाला ठाऊक नसतं. मित्रमंडळींना जमवून डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळवणाऱ्यांचंही तेच होतं. खेळाडू ठरवलेल्या खाणावळीत न जाता भलत्याच गल्लीत वळतात.

नकाशा तर हवाच. तो करायच्या तीन वाटा आहेत. एखादी छोटी वस्ती घ्यायची आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढवत न्यायची. एका राजाच्या हुकमानं सगळं शहर एकदम आखायचं. किंवा इंटरनेटवरच्या जनरेटरकडून, म्हणजे आपोआप नकाशे काढणाऱ्या प्रोग्रॅमकडून, तयार नकाशा घ्यायचा. माझं मत पहिल्या वाटेकडे झुकतं. पण ती वेळखाऊ आहे आणि प्रत्येकाला तिची गरज नसते, म्हणून तिन्ही नीट पाहू.

वस्तीतून वाढलेलं शहर

ही पद्धत समजून घ्यायला पुण्याचा जुना नकाशा समोर ठेवावा. मुठेच्या काठी कसबा, एका अंगाला नागझरी, दुसऱ्या अंगाला आंबिल ओढा. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट ताम्रपटांत या परिसराचा उल्लेख येतो, म्हणजे वस्ती जुनीच. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं ती जाळून तिच्यावर गाढवांचा नांगर फिरवला, आणि काही वर्षांतच ती दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुन्हा वसली. वसली ती त्याच जागी, कारण नदी, ओढे आणि वाटा जागच्या हलल्या नव्हत्या. १७३०मध्ये कसब्याच्या कडेला शनिवारवाड्याचा पाया घातला गेला आणि शहराचा तोल तिकडे सरकला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढ्याचं पात्र वळवलं, कात्रजच्या तलावांतून नळानं पाणी शहरातल्या हौदांत आणलं, आणि पुढे सदाशिव, नारायण अशा पेठा भरत गेल्या. १८१८नंतर इंग्रजांनी पूर्वेला लष्कराची छावणी टाकली.

आजही कसब्यातून चालत निघालात तर हे थर पायांना कळतात. तांबट आळी, कुंभारवाडा इथल्या गल्ल्या वळतात आणि अरुंद होतात. पुढे पेठांमध्ये रस्ते बरेच सरळ होतात. कॅम्पात पोचलात की दोन्ही बाजूंना झाडं असलेले रुंद रस्ते सुरू होतात. कुणीही एका बैठकीत असं शहर आखलेलं नाही. आंबिल ओढा जुन्या पात्रातून हटला, तो हटला म्हणून जागा मोकळी झाली, नळ आला म्हणून त्या जागी माणसं राहू शकली. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलानं शक्य केलं. कल्पनेतल्या शहरातही हीच साखळी हवी.

प्रत्यक्ष काम कसं करायचं? ट्रेसिंग पेपर घ्या, किंवा क्रिटासारख्या चित्रं काढायच्या फुकट प्रोग्रॅममध्ये लेयर, म्हणजे पारदर्शक थर, उघडा. एका पिढीला एक कागद. नियम एकच: आधीच्या कागदावरची रेघ कारणाशिवाय पुसायची नाही. आग, पूर, लढाई, राजाज्ञा ही कारणं चालतात. “इथे चौक छान दिसेल” हे कारण चालत नाही.

उदाहरणादाखल एक वस्ती धरू, नाव उतारवाडी. नदीला इथे उतार आहे, म्हणजे पायी ओलांडायची जागा; उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. डोंगरापलीकडून मिठाचे तांडे याच वाटेनं येतात आणि पावसाळ्यात नदी चढली की काठावर अडकून पडतात. अडकलेल्या माणसांना छप्पर लागतं, बैलांना चारा लागतो, नवस बोलायला देव लागतो. म्हणून पहिल्या कागदावर दहा-बारा घरं, एक नावाडी कुटुंब, एक विहीर आणि वडाखाली एक देवी, एवढंच.

दुसरा कागद साठ वर्षांनंतरचा. उतारावर जकात बसली आहे. वसुली करणाऱ्याचा वाडा टेकाडावर आहे, कारण तिथून नदी दिसते आणि पूर पोचत नाही. देवीपुढच्या मैदानात आठवड्याचा बाजार भरतो. कातडी कमावणाऱ्यांना गावानं प्रवाहाच्या खालच्या अंगाला जागा दिली आहे, त्यांचं पाणी पाणवठ्यात येऊ नये म्हणून.

तिसऱ्या कागदावर मजा येते. नदीचं पात्र जिथे खडकात अरुंद होतं तिथे, म्हणजे उताराच्या बरंच खाली, कुणा राजानं दगडी पूल बांधला. तांडे पुलावरून जाऊ लागले. देवीपुढचा बाजार ओस पडत चालला आणि पुलाकडे जाणाऱ्या वाटेवर दुकानं लागली. ही नवी वाट नेमकी कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतून जाते. काल गावाबाहेर ढकललेली माणसं आज सगळ्यात महागड्या जमिनीवर बसली आहेत. सावकारांना ती तिथून हटवायची आहेत, कातडी कमावणाऱ्यांकडे मात्र जुन्या जकातदाराची सनद आहे. इकडे देवीचे पुजारी बाजार परत आणायला धडपडत आहेत.

या भांडणांसाठी वेगळी कथा रचायला बसावं लागलं नाही. पूल कुठे येईल याचा विचार केला आणि ती समोर उभी राहिली. माझ्या लेखी या पद्धतीचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि बाकीच्या दोन पद्धती तो इतक्या सहजपणे देत नाहीत.

जमिनीच्या मालकीवर विशेष लक्ष ठेवा. घरं पडतात, जळतात, पण वाटणीच्या रेघा चिवट असतात. १६६६च्या आगीत लंडन जळाल्यावर क्रिस्टोफर रेननं रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा मांडला होता. शहर मात्र बव्हंशी जुन्याच रेघांवर पुन्हा उभं राहिलं, कारण प्रत्येकाला आपापली जागा परत हवी होती. इटलीतल्या लुका गावात रोमन रंगमंडळ कधीच मोडलं, त्याच्या भिंतींच्या आधारानं घरं उठली, आणि तिथला चौक आजही लंबगोल आहे. तुमच्या शहरातही एखादा असा गोल चौक ठेवा, ज्याचा आकार का तसा हे तिथल्या रहिवाशांना माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे.

आता तोटे. वेळ फार जातो. तिसऱ्या-चौथ्या कागदापर्यंत उत्साह टिकवणं अवघड असतं, आणि वाचकाला त्यातलं अगदी थोडं दिसणार असतं. काही जण नकाशातच अडकतात आणि कादंबरी राहून जाते. शिवाय हातानं वाढवलेल्या शहरात मधला भाग फार गजबजतो आणि कडा ओसाड राहतात. तिथली शेतं, बागा, वीटभट्ट्या आठवणीनं भराव्या लागतात. यंत्रयुगापूर्वी बहुतेक समाजांत दहातली आठ-नऊ माणसं शेतीवर जगत. वीस हजारांचं शहर दाखवायचं असेल तर त्याला जेवू घालणारी लाखभर माणसं आजूबाजूच्या गावांत असायला हवीत, आणि त्यांच्या बैलगाड्या कुठल्या वेशीतून येतात हेही नकाशात दिसायला हवं.

एका आज्ञेत वसलेलं शहर

सरळ रेघांच्या शहराला कंटाळवाणं म्हणणाऱ्यांनी जयपूर पाहावं. सवाई जयसिंगांनी १७२७मध्ये ते वसवलं, आखणीत विद्याधर भट्टाचार्यांचा मोठा हात. आमेरची डोंगरातली राजधानी अपुरी पडत होती, म्हणून खाली सपाटीवर नवी जागा. आराखडा नऊ चौकोनांचा. पण वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आला, तेव्हा तिकडचा चौकोन सोडून आग्नेयेला जोडला गेला. आराखड्यालाही जमिनीपुढे वळावं लागलं. तो एक निखळलेला चौकोन मला सगळ्या शहरात सर्वांत आवडतो.

तुमच्या कथेत जादूगार सम्राट असेल, डोंगराच्या पोटात कोरलेली बुटक्यांची नगरी असेल किंवा जिंकलेल्या मुलखात उभारलेलं लष्करी ठाणं असेल, तर ही पद्धत योग्य आणि खरी आहे. अशा शहरात सत्ता थेट रस्त्यांतून बोलते: कुणाची हवेली राजमार्गावर, कोणता व्यापार कोणत्या बाजारात, देऊळ राजवाड्यापासून किती अंतरावर. काम झटपट होतं, नकाशा वाचकाच्या लगेच लक्षात राहतो, आणि “पूर्व दरवाजातून तिसरा चौक” एवढं लिहिलं की भागतं.

उणीव अशी की असं शहर पहिल्या दिवसाचंच राहतं. कथा घडते तेव्हा ते बहुधा दोनशे वर्षांचं असतं, आणि दोनशे वर्षांत माणसं कुठलाच आराखडा जसाच्या तसा राहू देत नाहीत. ओटे रस्त्यावर येतात, चौकात कुणाची तरी समाधी उभी राहते, दोन वाड्यांमधल्या बोळात तिसरं घर घुसतं. एक प्रश्न तर विचारायलाच हवा: हे शहर बांधणारे मजूर रात्री कुठे झोपत होते? चंदीगडसारख्या विसाव्या शतकातल्या शहरातही मजुरांच्या वस्त्या आराखड्याच्या चौकटीबाहेर उभ्या राहिल्या. तुमच्या सुबक चौकोनी राजधानीच्या दक्षिण दरवाजाबाहेर अशी एक वाकडीतिकडी वस्ती काढा. शहराइतकीच जुनी, आणि शहराच्या कागदपत्रांत कुठेही नसलेली.

जनरेटरचं शहर

वाताबू या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरचा मध्ययुगीन शहर-जनरेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो. आकार निवडा, क्लिक करा, आणि तट, दरवाजे, गढी, वस्त्या असलेला देखणा नकाशा समोर येतो. आवडला नाही तर पुन्हा क्लिक. शनिवारी रात्री खेळ असेल आणि शुक्रवारी संध्याकाळी आठवण झाली असेल, तर दुसरं काही करू नका.

फक्त एवढं लक्षात ठेवा की त्या नकाशाला कालचा दिवस नसतो. तट आणि घरं एकाच क्षणी जन्मलेली असतात. बाजार तिथेच का, हे विचारलं तर उत्तर नाही. त्यामुळे नकाशा घेतल्यावर पेन्सिलनं तीन गोष्टी ठरवा: यातला सर्वांत जुना भाग कोणता, शहराला शेवटचा मोठा फटका कशाचा बसला, आणि सध्या ते कुठल्या दिशेला वाढतंय. एवढ्यानं नकाशा बोलू लागतो. इंकार्नेट किंवा वंडरड्राफ्टसारखी साधनं वेगळ्या कामाची आहेत. ती चित्र सुंदर करतात, विचार तुम्हालाच करावा लागतो.

जादूचं काय?

तिन्ही पद्धतींतला खरा फरक जादूपाशी उघडा पडतो.

उतारवाडीच्या वडाखाली अमावास्येच्या रात्री मेलेल्या माणसाला एक प्रश्न विचारता येतो असं समजा. लोक काय विचारतील? बहुतेक जण जमिनीबद्दल विचारतील: बांध कुठवर होता, मृत्युपत्र कुठे ठेवलंय, कर्ज फेडलं होतं का. म्हणजे वडाभोवती कज्जेदलाल, लेखनिक, धर्मशाळा आणि भाड्यानं मिळणारे साक्षीदार जमणार. पुलामुळे बाजार गेला तरी न्यायकचेऱ्या वडापाशीच राहणार. शहराला आता दोन केंद्रं झाली, व्यापाराचं पुलाकडे आणि कायद्याचं वडाकडे, आणि त्यांना जोडणारा रस्ता हा शहरातला सर्वांत महत्त्वाचा रस्ता. तट बांधताना तो वडाला वळसा घालून न्यावा लागणार, कारण झाड तोडायची छाती कुणाला होणार?

वाढवलेल्या शहरात जादू कधी आली यालाही अर्थ असतो. आकाशातून आग ओकणारे प्राणी दोनशेव्या वर्षी आले असतील, तर गरिबांच्या जुन्या आळ्यांवर अजून गवताची छपरं असतील आणि नव्या वस्त्यांवर दगडी. आखलेल्या शहरात राजाला ते प्राणी आधीच माहीत हवेत, म्हणजे रस्तेच झाकलेले असतील. जनरेटरला या कशाचाच पत्ता नसतो. तो तुम्हाला आकाशातल्या शत्रूविरुद्धही गोल तटच काढून देईल.

मग निवडायचं काय?

शहर हेच कथेतलं मुख्य पात्र असेल, माणसं त्याच्या गल्ल्यांवरून, पाण्यावरून, हक्कांवरून भांडणार असतील, तर वस्तीतून वाढवा. शेकडो पानांच्या लेखनासाठी ही मेहनत वसूल होते. सगळं शहर वाढवायची गरज नाही, तीन कागद पुरतात: उगम, भरभराट आणि फटक्यानंतरचं आजचं रूप. चौथा कागद हातात घ्यायच्या आधी पहिलं प्रकरण लिहून काढा.

शहर म्हणजे एखाद्या सत्तेचं प्रदर्शन असेल, किंवा नायक तिथे परका म्हणून दोन प्रकरणांपुरता येणार असेल, तर एका आज्ञेत आखा आणि मग त्यावर फक्त एक कागद ठेवून दोनशे वर्षांची अतिक्रमणं काढा. या दोन्हींची सांगडही छान बसते: जुनी कसब्यासारखी वस्ती मधोमध आणि तिच्या शेजारी जिंकणाऱ्यांची सरळ रेघांची छावणी. मधे एक ओढा ठेवा, दोन पूल ठेवा, आणि पुलांवर पहारा कुणाचा ते ठरवा.

दर आठवड्याला खेळ खेळवायचा असेल आणि खेळाडू कोणत्या गावी जातील याचा नेम नसेल, तर जनरेटर वापरा, बिनदिक्कत. त्यातल्या ज्या गावात खेळाडू तिसऱ्यांदा परत येतील, त्या एका गावासाठी मग ट्रेसिंग पेपर काढा आणि नकाशावरची सर्वांत वाकडी गल्ली कोणत्या ओढ्याच्या कडेनं गेली असेल, तिथून सुरुवात करा.