बेल्टचा ताण मोजणारे पेनसारखे गेज : सात महिन्यांच्या वापरानंतर

इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचे बेअरिंग घरघरू लागले म्हणून उघडून पाहिले, तेव्हा बेल्ट प्रमाणाबाहेर ताणलेला असल्याचे लक्षात आले. आणि तो अंगठ्याने दाबून, अंदाजाने मीच ताणला होता. बेअरिंगचा भुर्दंड बसल्यावर हे गेज घेतले.

माझ्या इंजिनावर दोन पुलींमधला बेल्टचा मोकळा भाग ३०० मिमी आहे. व्ही-बेल्ट (पुलीच्या व्ही आकाराच्या खाचेत बसणारा बेल्ट) दर १०० मिमीमागे सुमारे १.६ मिमी दबावा या हिशेबाने मध्यावर ५ मिमीच्या आसपास दाब देतो आणि त्यासाठी लागलेला जोर बेल्टला ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे का, हे पाहतो. एवढा बारीक फरक अंगठ्याला कळत नाही.

माझी तक्रार आहे ती जोर दाखवणाऱ्या रबरी रिंगबद्दल. दाबताना दांडी आत जाते, रिंग नळीच्या काठाला अडून दांडीवर वर सरकते आणि हात काढल्यावर तिने तिथेच थांबायला हवे. दोन महिन्यांत ही रिंग इतकी सैल झाली की गेज उचलताना लागलेल्या जराशा धक्क्यानेही ती घसरे आणि वाचायचा आकडाच हातचा जाई. विक्रेत्याकडे विचारणा केली, तर रिंग सुटी मिळत नाही, नवे गेजच घ्या, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा रबरासाठी अख्खे साधन टाकून देणे मला पटले नाही. दांडीवरचे तेल पुसून जुन्या सील-किटमधली थोडी घट्ट रिंग बसवली.

तरीही आकडे जुळेनात, तेव्हा मात्र सगळा दोष रिंगचाच हे मत बदलावे लागले. मी मोजत होतो ते बोल्ट आवळण्याआधी, आणि ताण कमीजास्त करायच्या सरकत्या पट्टीचा व अल्टरनेटरच्या खालचा असे दोन्ही बोल्ट आवळताना अल्टरनेटर किंचित हलून ताण बदलत होता. अंगठ्याने तपासत राहिलो असतो, तर ही चूक कधीच सापडली नसती. आता दोन्ही बोल्ट आवळल्यावरच मोजतो. नवा बेल्ट पुलीच्या खाचेत बसताना सैल पडतो, म्हणून इंजिन काही वेळ चालवून, बंद करून पुन्हा मोजतो. ताण देताना पहार पुलीकडच्या भक्कम ब्रॅकेटलाच लावतो, कारण अल्टरनेटरचे मागचे ॲल्युमिनियमचे कवच तडकू शकते.

नव्या बेअरिंगचा आवाज नाही, सकाळी बेल्ट किंचाळत नाही आणि त्याच्या कडाही चकाकलेल्या नाहीत. गेज मी ठेवणार आहे. मात्र रिंग सुटी मिळेपर्यंत पाचपैकी चारच गुण.