नागपूरकरांनी समुद्र कुठे गाठावा: रत्नागिरी की विशाखापट्टणम?

दोन्ही शहरांना इतिहास आहे, दोन्हींच्या पाठीशी डोंगर आहेत. निवड ठरते ती रजा किती आणि कोणत्या महिन्यात, यावर.

विशाखापट्टणमला नागपूरहून थेट गाड्या आहेत. समता एक्स्प्रेस गोंदिया-रायपूरकडून जाते, आंध्र प्रदेश एक्स्प्रेस बल्लारशा-विजयवाड्याकडून. रत्नागिरीला बहुधा मुंबईत गाडी बदलावी लागते आणि घोळ तिथंच होतो. कोकणच्या दिवसाच्या बऱ्याच गाड्या मुंबईहून पहाटे पाच ते सातच्या दरम्यान सुटतात. नागपूरहून रात्री निघालेली गाडी पोचते साधारण त्याच सुमारास. ती थोडी जरी रखडली तरी पुढची हुकली. मुंबईत दिवस काढून रात्रीची कोकणकन्या धरणं जास्त खात्रीचं, पण मग येऊन-जाऊन चार रात्री गाडीतच. आठवड्याची रजा नसेल तर रत्नागिरीचा नाद सोडा.

मे महिन्यात मात्र रत्नागिरीच. पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 15 एप्रिल ते 14 जून मासेमारी बंद असते, पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून. म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीत विशाखापट्टणमला ताजी मासळी कमी आणि महाग, तर रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर जोरात. शिवाय हापूस. घामाच्या धारा दोन्हीकडे सारख्याच.

दिवाळीतही पश्चिमच बरी. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवस. 12 ऑक्टोबर 2014 रोजी हुदहुद थेट विशाखापट्टणमवर आदळलं होतं. कोकणात तेव्हा पाऊस सरत आलेला, आरे-वारेचा घाट हिरवागार. खाली समुद्र, समोर वळणावळणाचा रस्ता. गणपतीपुळ्याला याच वाटेनं जावं.

डिसेंबर-जानेवारीत विशाखापट्टणम बाजी मारतं, ते जवळच्या डोंगरांतल्या अराकू खोऱ्यामुळे. सकाळची किरंदुल पॅसेंजर बोगद्यांमागून बोगदे पार करत घाट चढते. काचेच्या छताचा डबा लवकर भरतो, तेव्हा नागपूरच्या तिकिटाबरोबरच तेही काढा. परतताना गाडी ठरवून रस्त्यानं या आणि बोर्रा गुहा वाटेत करा. रेल्वेनंच परतलात तर गुहांना वेळ उरत नाही. घाटात मळमळणाऱ्यांनी आधी पोटभर खाऊ नये.

इतिहासात डावं-उजवं करणं अवघड. रत्नागिरीत 1910 साली बांधलेला थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1916 मध्ये इथंच वारला. टिळकांचं जन्मस्थान आणि रत्नदुर्ग किल्ला धरून एक दिवस पुरतो. विशाखापट्टणमला थोटलाकोंडाचे बौद्ध अवशेष, सिंहाचलमचं मंदिर आणि किनाऱ्यावर ठेवलेली कुरसुरा पाणबुडी. पाणबुडीतली दारं अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरूनच पाहावी. सोमवारी ती बंद असते.

पोहायचा बेत दोन्हीकडे नको. रामकृष्ण बीच आणि गणपतीपुळे, दोन्ही ठिकाणी परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. घोट्यापेक्षा खोल पाण्यात लेकरांना सोडू नका.