जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? आधी विचारा, मुली वॉर्डात किती वाजता पोहोचतात

बारावीचा निकाल लागला की आमच्या बिल्डिंगमधून, माहेरच्या चाळीतून, गावाकडून फोन सुरू होतात. "सिस्टर, पोरीला नर्सिंगला टाकायचंय, कुठे टाकू?" यंदा तर विषय घरातलाच आहे, माझ्या भाचीचा. म्हणून एकदा नीट लिहून काढते. कोर्सची वर्षं, पात्रता, बीएस्सीची सीईटी हे सगळं तुम्ही आधीच पाहिलं असेल, त्यात वेळ घालवत नाही.

मुंबईत बहुतेक घरांसमोर प्रत्यक्षात येणारी निवड दोन गोष्टींतली असते. एकीकडे मोठ्या रुग्णालयाच्या आवारातली जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेची शाळा. केईएम, नायर, शीव या पालिकेच्या रुग्णालयांच्या शाळा सगळ्यांना माहीत आहेत. दुसरीकडे वाशीच्या पुलापलीकडचं किंवा कल्याणच्याही पुढचं खासगी बीएस्सी कॉलेज, ज्याचं स्वतःचं मोठं रुग्णालय नाही. जेजेच्या आवारातल्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमध्ये बीएस्सीला जागा मिळत असेल तर पुढचं वाचूच नका, जाऊन प्रवेश घ्या. पदवीही आहे आणि जिना उतरला की रुग्णालयही. पण तिथल्या जागा मोजक्या आणि गुणांची रांग लांब.

माझ्यासमोर ही निवड 2006 मध्ये आली. जीएनएमला नाव लागलं होतं आणि नवी मुंबईकडच्या एका खासगी कॉलेजात बीएस्सीची जागाही मिळत होती. आईचा ओढा डिग्रीकडे. पतपेढीतून कर्ज काढायचीही तिची तयारी होती. आम्ही तिघं कॉलेज बघायला गेलो. इमारत नवी, प्रयोगशाळेत चकचकीत पुतळे, ग्रंथालय मोठं. आई आणि मी ऑफिसात बसलो होतो, तेवढ्यात बाबा बाहेर कॉलेजच्या बसच्या ड्रायव्हरशी बोलत उभे राहिले. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, बस दिसली की त्यांना राहवत नसे.

परतीच्या पनवेल लोकलमध्ये ते एवढंच म्हणाले, "मुलींना शहरातल्या हॉस्पिटलात नेतात. बस सहाला सुटते, मानखुर्दला अडकते, पोरी वॉर्डात नऊला. हॉस्पिटलची पाळी सातची ना गं? मग दोन तासांचं काम कोण शिकवणार त्यांना?" आईने विषय बदलला. मला तेव्हा त्या दोन तासांत काय असतं हे माहीत नव्हतं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी जीएनएम घेतलं.

त्या दोन तासांत ओव्हर असतो, म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला पेशंट सोपवणं. नाइटची सिस्टर आणि सकाळची सिस्टर एकेका खाटेपाशी उभ्या राहतात. बारा नंबर, काल पोटाचं ऑपरेशन, ड्रेन इतका, रात्री दोनदा ताप, लघवी कमी. तेरा नंबर, शुगर वर, नाश्त्याआधी इन्सुलिन. विद्यार्थिनी मागे वही घेऊन उभी. ओव्हर संपला की बेड मेकिंग, स्पंजिंग, सकाळची इंजेक्शनं, मग डॉक्टरांचा राउंड. नर्सिंगचा अख्खा दिवस तिथे ठरतो.

दुसऱ्या वर्षाला मेल सर्जिकल वॉर्डात असताना एका ओव्हरला नाइटची सिस्टर म्हणाली, "नऊ नंबर मला बरा वाटत नाही." आकडे तसे ठीक होते. रक्तदाब व्यवस्थित, नाडी मात्र पहाटेपासून हळूहळू वाढत गेलेली, आणि माणूस उगाच अस्वस्थ. इन्चार्ज सिस्टरने राउंडची वाट न बघता डॉक्टरांना बोलावलं. पोटात आतून रक्तस्राव होत होता. शरीर नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून दाब बराच वेळ सांभाळून धरतं, दाब कोसळतो तो उशिरा, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या सकाळी ते मला समजलं. नऊ वाजता वॉर्डात आले असते तर मला फक्त रिकामी खाट दिसली असती.

तिसऱ्या वर्षाला असताना 26 नोव्हेंबर 2008 आला. त्या रात्री कामा रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवून वाचवलं. आमच्या होस्टेलवर कितीतरी दिवस तोच विषय होता. मला राहून राहून एकच वाटायचं, कोण चालू शकते, कोणाला आधार द्यावा लागेल, कोणाच्या कळा कधीही सुरू होतील, हे अशा क्षणी केस पेपर उघडून बघता येत नाही. ते आधीच माहीत असावं लागतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी ऐकीव सांगत नाही. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी अभ्यासरजा घेऊन पोस्ट बेसिक बीएस्सी केलं. जीएनएमनंतर दोन वर्षांत पदवी मिळते. माझं कॉलेज खासगी होतं आणि पोस्टिंगला बसनेच जावं लागे, बीएस्सीच्या मुलींबरोबर. त्या मुली हुशार होत्या, माझ्यापेक्षा हुशार. ॲनाटॉमी, आजार कसा वाढत जातो त्यातली साखळी, संशोधनाची पद्धत, इंग्रजीत उभं राहून विषय मांडणं, हे त्यांचं इतकं पक्कं होतं की मी त्यांच्या वह्या मागून घ्यायची. 'का' विचारायची सवय मला त्यांनी लावली.

पण सव्वानऊला आम्ही वॉर्डात शिरायचो तेव्हा बेड झालेले, इंजेक्शनं दिलेली, राउंड उरकलेला. एका नर्सिंग स्टेशनभोवती वीस मुली. वॉर्डातल्या सिस्टरांना त्यांचं कामच पुरेसं, त्या म्हणायच्या, "जरा बाजूला उभ्या राहा गं." मग केस पेपरवरून प्रोसिजर बुकात उतरवून घेणं सुरू. साडेबाराला बस. एखादीला कॅथेटर (लघवीची नळी) घालायला मिळाला तर बाकीच्या तिला बसमध्ये विचारत बसायच्या, कसा घातलास? ते ऐकून मला वाईट वाटायचं. ह्यात मुलींची काहीच चूक नव्हती. मला त्या कॉलेजबद्दल बाकी काही तक्रार नाही. शिक्षिका मनापासून शिकवायच्या. ती बस मात्र मला शेवटपर्यंत सहन झाली नाही.

मोजमाप माझ्याकडे नाही, फक्त अनुभव आहे. मे 2020 मध्ये आमच्या वॉर्डात घाईघाईने नव्या मुली आल्या. पीपीईत घामाने चष्मा धुरकट, हातात दुहेरी ग्लोव्हज, त्यात व्हेन शोधायची. पहिल्या आठवड्यात ज्या सावरल्या त्या बहुतेक रुग्णालयाच्या शाळेतून शिकलेल्या होत्या. बीएस्सीच्या दोघीतिघी महिनाभर चाचपडल्या. पण दिवाळीपर्यंत त्यांतलीच एक वॉर्डातली सगळ्यात नेमकी नर्स झाली होती. व्हेंटिलेटरचे आकडे ती डॉक्टरांबरोबर बरोबरीने बोलायची. म्हणजे हातांची कसर भरून निघते. वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या तरी खाटेपाशी जातो, एवढंच.

जीएनएमच्या शाळेची दुखणीही सांगते. वॉर्डात माणसं कमी पडली की विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात. परीक्षेच्या आदल्या रात्री मी नाइट केली आहे. 'का' विचारलं तर "आधी कर, मग विचार" असं उत्तर मिळायचं. होस्टेलचे नियम कडक, सणावाराला घर नाही. आणि जीएनएम बंद होणार ही आवई मी शिकत असल्यापासून थोड्या थोड्या दिवसांनी उठते. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा कोर्स होता, आता तीनचा आहे, पण आहे.

नोकरीकडे बघायचं तर गणित तुमची मुलगी कुठे पोहोचू पाहते त्यावर आहे. दोघींचीही नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्येच होते, आणि पालिकेत स्टाफ नर्स म्हणून लागलं की पद एक, वेतनश्रेणीही एक. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला मात्र बीएस्सीवाली थेट बसू शकते. जीएनएमवालीला आधी किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एमएस्सी करून पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका व्हायचं असेल, तर पदवी आज ना उद्या हवीच, आणि ती सरळ चार वर्षांत घेणं शहाणपणाचं आहे. माझ्या वाटेने पाच वर्षं लागतात. खासगी रुग्णालयांचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने 2016 मध्ये छोट्या रुग्णालयांतसुद्धा किमान वीस हजार पगार असावा असं सुचवलं होतं. पहिली नोकरी घेताना हा आकडा लक्षात असू द्या. मूळ मार्कशीट ठेवून घेणारी जागा असेल तर मी दोनदा विचार करीन.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा फलक नंतर वाचा. गेटवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलगी गाठा आणि तिला विचारा, वॉर्डात किती वाजता पोहोचता? ओव्हरला उभं राहू देतात का? एका पेशंटमागे किती जणी असता? खासगी बीएस्सी कॉलेजातून "साडेसहाला, आमच्याच हॉस्पिटलात" असं उत्तर आलं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ते कॉलेज घ्या. अशी कॉलेजं आहेत, फी जास्त असते. तसं उत्तर आलं नाही, तर मला स्वतःला आवारातली शाळाच बरी वाटते. पदवी नंतरही घेता येते.

भाचीबरोबर मागच्या रविवारी बसले होते. पहिल्या पसंतीला तिने जेजे लिहिलं, त्यावर वाद नाही. दुसऱ्या जागी तिला एक खासगी कॉलेज हवं आहे, बहिणीलाही तेच हवं आहे. मी म्हटलं, आधी सकाळी सहाला तिथे जाऊन बस कधी सुटते ते बघून ये. येत्या शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण तेही येतो म्हणतायत.