जुनं प्रकरण, तेच ऑफिस: मेलला उत्तर द्यावं की बोलून मिटवावं?

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना फार समजावून सांगायला नको. संबंध संपतो, ऑफिस तेच राहतं. मग एखाद्या साध्या कामाच्या मेलमध्ये एखादं वाक्य असं येतं, की ते कामाबद्दल नाही हे फक्त दोघांना कळतं. सीसीमध्ये मॅनेजर असतो. अशा वेळी मेललाच उत्तर द्यायचं, की फोन करून एकदाचं बोलून घ्यायचं?

मी दोन्ही केलं आहे. आधी सहा-सात महिने बोलून पाहिलं, आता वर्षभर शक्यतो फक्त लिहितो. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटमध्ये आहे. जिच्याशी संबंध होता ती टेस्टिंगची लीड, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका (बग) शोधणाऱ्या टीमची प्रमुख. मी विवाहित. ते सगळं मी संपवलं, आणि नीट संपवलं नाही. बायकोला मीच सांगितलं. ऑफिसमधल्या त्या लीडच्या मेलमधला राग मला कधी अन्यायाचा वाटला नाही. तो चौदा जणांसमोर येत होता, एवढीच माझी अडचण होती.

बोलण्याच्या बाजूने बरंच आहे. घरातली मोठी माणसं सांगतात ना, भांडण लिहून वाढतं, बोलून मिटतं, ते खोटं नाही. मेलमधलं साधं 'प्लीज'सुद्धा दुखावलेल्या माणसाला टोमणा वाटतं. आवाजात तसं होत नाही. पहिला फोन मी केला तेव्हा ती आधी गप्प होती, मग रडली, मग म्हणाली, "मी बग रीओपन करते ते सूड म्हणून नाही. ते खरंच फिक्स झालेले नाहीत." तपासलं तर पाचांतल्या तीन बग्जच्या बाबतीत तिचं बरोबर होतं. मेलवर हे मी कधीच कबूल केलं नसतं. पुढचा आठवडा शांततेत गेला.

मग मेल आला, आणि त्याची सुरुवात होती: 'ॲज डिस्कस्ड'.

माझा निर्णय या दोन शब्दांनी केला. रात्री नऊ वाजता झालेलं आमचं बोलणं दुसऱ्या दिवशी टीमच्या मेलमध्ये 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे' होऊन यायचं. त्या बोलण्यात काम कधी द्यायचं ती डेट ठरली होती का? माझ्या मते नाही, तिच्या मते हो. खोटं कोणीच बोलत नव्हतं. चाळीस मिनिटांच्या फोनमध्ये कामाचं बोलणं पाच मिनिटांचं आणि बाकी सगळं जुनं असेल, तर ती पाच मिनिटं दोघांच्या लक्षात वेगवेगळी राहतात. एकदा स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, मॅनेजरने सहज विचारलं, "हे डिस्कशन कधी झालं? मला इन्व्हाइट नव्हतं." मी काहीतरी पुटपुटलो. संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "काल गॅलरीत कोणाशी बोलत होतास?" एकाच फोनसाठी दोन ठिकाणी उत्तर द्यायचं होतं, आणि सरळ उत्तर माझ्याकडे एकाही ठिकाणी नव्हतं.

त्यानंतर 'दोन मिनिटं बोलू का?' हा टीम्सवरचा (ऑफिसच्या चॅटवरचा) मेसेज दिसला की पोटात गोळा यायचा. तिच्याही पोटात तसाच येत असणार. निम्म्या वेळी तो मेसेज मीच केलेला असायचा.

लिहिण्यातले तोटे सांगतो, कारण ते खरे आहेत. सुरुवातीचे तीन-चार आठवडे फार वाईट जातात. ज्या माणसाला तुम्ही एकेकाळी दिवसातून पन्नास मेसेज केले, त्याला दोन ओळींचं कोरडं उत्तर पाठवताना आपण निर्दय झाल्यासारखं वाटतं. समोरच्यालाही तसंच वाटतं, आणि टोमणे आधी वाढतात. ज्याला हे सोसणार नाही त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

तरीही मी हेच निवडलं. माझी पद्धत सोपी आहे. मेलमधल्या ज्या वाक्याला कामाचं उत्तर आहे, तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. तिने एकदा लिहिलं होतं (मेल इंग्रजीत, अर्थ असा; बिल्ड म्हणजे तपासायला द्यायची सॉफ्टवेअरची आवृत्ती): 'नेहमीप्रमाणे शब्द दिला, पाळला नाही. बिल्ड अजून आलेलं नाही.' पहिल्या वाक्यासाठी मी तीन परिच्छेद लिहिले आणि पुसले. पाठवलं ते एवढंच: 'बिल्ड आज चारपर्यंत देतो. उशीर आमच्याकडून झाला.' उशीर खरंच आमचा होता. तो कबूल केल्यावर त्या धाग्यात भांडायला फारसं काही उरलं नाही.

सीसीला हात लावू नका. आपला मॅनेजर घातला तर ती धमकी वाटते, तिचा काढला तर लपवाछपवी. आणि लगेच पाठवू नका. जीमेलचं अनडू सेंड जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतं, तेवढ्यात राग उतरत नाही. क्लासिक आउटलुकमध्ये रूल लावून प्रत्येक मेल १२० मिनिटांपर्यंत थांबवता येतो. मी तिला जाणाऱ्या मेल्सपुरता अर्ध्या तासाचा रूल लावला आहे आणि तो बऱ्याचदा उपयोगी पडला आहे.

लिहिलेलं राहतं, ही भीती रास्त आहे. २७ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर व्यभिचार हा गुन्हा उरला नाही, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली तो घटस्फोटाचं कारण अजूनही आहे. त्यात ऑफिसचा मेल कंपनीच्या सर्व्हरवर असतो. म्हणून जुन्या दिवसांबद्दल त्यात एक शब्दही नको, माफीसुद्धा नको. माफी मागायची राहिली असेल तर ती कामाच्या धाग्यात मागू नये. मी तसं एकदा केलं आणि अजून त्याचा पश्चात्ताप होतो.

एचआरला मध्ये घालणं हा तिसरा मार्ग. दोन समान पदांवरच्या माणसांच्या टोमण्यांसाठी मला तो जड वाटला. एचआरला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्यात तिचंही नाव बाहेर आलं असतं. पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाचणारी स्त्री असेल आणि समोरचा मेलमधून संबंध परत जोडण्यासाठी दबाव आणत असेल, अप्रेझलची भीती घालत असेल, तर माझी पद्धत तुमच्यासाठी नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. पूर्वी संबंध होता म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. ते मेल डिलीट करू नका. आणि पुरुष वाचकांनो, तिने 'फोन करू नकोस' म्हटलं असेल, तर बोलून मिटवण्याचा पर्याय तिथेच संपला.

बोलणं अगदीच टळत नसेल, रिलीजच्या आदल्या दिवशी तसं होतंच, तर मी आता एवढं पाळतो: कॉल ऑफिसच्या वेळेत, कॅलेंडरवर, टीममधलं तिसरं कोणीतरी जोडलेलं. कॉल संपल्यावर दहा मिनिटांत काय ठरलं ते मीच सगळ्यांना चार ओळींत पाठवतो. परवा तिने त्याखाली एक डेट दुरुस्त करून पाठवली. तिचं बरोबर होतं, मी बदलली.